एजंट साई श्रीनिवास आत्रेय

तेलुगू विनोदी रहस्यपट. प्रदर्शन २१ जून २०१९. दिग्दर्शक स्वरूप आर. एस. जे. (पहिलाच चित्रपट), पटकथा दिग्दर्शक व प्रमुख नट नवीन पोलिशेट्टी यांची, निर्माते राहुल यादव नक्का, छायालेखन सनी कुरपाटी, संगीत मार्क के. रॉबिन. सहायक तरुणी स्नेहाच्या भूमिकेत श्रुती शर्मा.

कथानक आंध्र प्रदेशातील नेल्लोर शहरात घडते. चित्रपट पाहून तपासाचे धडे गिरवलेला आत्रेय तेथे ‘फातिमा ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ या भारदस्त नावाचे, पण किरकोळ प्रकरणांवर चालणारे कार्यालय थाटतो. रेल्वेमार्गालगत सापडणाऱ्या बेवारस मृतदेहांचा माग काढताना तो स्वतःच संशयित ठरतो. पुढे अंत्यसंस्कारांविषयीची श्रद्धा आणि बोटांचे ठसे यांचा गैरफायदा घेणारी टोळी उघडकीस येते. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याची पद्धत भारतातच, कोलकात्याच्या पोलीस विभागात, १८९७ च्या सुमारास शास्त्रशुद्ध झाली. तीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा वाटा मोठा होता. ठसा हा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणूनच मृताच्या ठशाने तपास भरकटवण्याची कल्पना पटकथेत वजनदार ठरते. कथाबीज प्रत्यक्ष घटनांवरून सुचल्याचे चित्रपटकर्त्यांनी सांगितले आहे. ते मान्य केले तरी टोळीची कार्यपद्धती मात्र पटकथेची रचना समजणे अधिक सुरक्षित.

चित्रपटाची परंपरा कोणती, याविषयी एकमत नाही. एक मत त्याला राम गोपाल वर्मांच्या ‘क्षण क्षणम्’ (१९९१) पासून सुधीर वर्मांच्या ‘स्वामी रा रा’ (२०१३) पर्यंत आलेल्या गुन्हेगारी विनोदपटांच्या ओळीत बसवते. दुसरे मत जंध्याल यांच्या ‘चंटब्बाई’ (१९८६) कडे बोट दाखवते. मल्लादी वेंकट कृष्णमूर्तींच्या कादंबरीवरील या चित्रपटात चिरंजीवींनी स्वतःला ‘जेम्स पाँड’ म्हणवणारा गुप्तहेर रंगवला होता. पहिल्या गटात पळवलेला पैसा किंवा मूर्ती हे केंद्र असते आणि त्यामागे धावणाऱ्यांच्या फजितीतून हसू येते. ‘आत्रेय’मध्ये हसू येते ते तपास करणाऱ्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेतून, आणि तरीही त्याचे निरीक्षण खरोखर तीक्ष्ण असते. हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामागे आणखी जुना थर आहे तो कोम्मूरी सांबशिवराव यांच्या ‘डिटेक्टिव्ह युगंधर’ मालिकेसारख्या लोकप्रिय गुप्तहेरकथांचा. मात्र या वाचनाचा पटकथेवर थेट प्रभाव दाखवता येत नाही; वातावरण सामायिक आहे, इतकेच म्हणावे.

निर्मितीचा खर्च तेलुगूतील तारांकित चित्रपटांच्या मानाने फार थोडा होता. मोठा नट, परदेशी चित्रीकरण, नृत्यगीतांचा पसारा यांपैकी काहीच हाताशी नव्हते. ती जागा लेखनाने भरून काढली, हे या चित्रपटाचे खरे यश. पूर्वार्धात थट्टेवारी नेलेले तपशील उत्तरार्धात पुरावे म्हणून परत येतात. आईच्या मृत्यूचा धागा आत्रेयच्या जिद्दीला कारण पुरवतो. विनोदाचा भर वाक्यांच्या वेगावर आणि पोलिशेट्टींच्या अंगविक्षेपांवर आहे. भोपाळच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता झालेल्या या नटाने मुंबईत नाटके व इंटरनेटवरील विनोदी चित्रफिती केल्या होत्या. तेलुगूत त्यापूर्वी ‘लाइफ इज ब्युटिफुल’ (२०१२) व ‘१: नेनोक्कडिने’ (२०१४) यांत लहान भूमिका मिळाल्या होत्या. स्वतःसाठी नायकाची भूमिका लिहिण्यात सहभागी होण्याची निकड त्यातून समजते. राहुल यादव नक्का यांनी यापूर्वी ‘मळ्ळी रावा’ (२०१७) ची निर्मिती केली होती.

समीक्षकांनी अभिनय व पटकथेची प्रशंसा केली. उत्तरार्धात माहितीची दाटी होते आणि उलगडा संवादांवर फार विसंबतो, हा आक्षेपही आला. तो रास्त आहे. प्रेक्षकवर्ग मुख्यतः तोंडी शिफारशीने वाढला. आठवडाभरातच, २८ जूनला, विवेक आत्रेय दिग्दर्शित ‘ब्रोचेवारेवरुरा’ हा दुसरा गुन्हेगारी विनोदपट आला आणि दोहोंना दाद मिळाली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलिशेट्टी नितेश तिवारींच्या ‘छिछोरे’ या हिंदी चित्रपटात दिसले. ‘जाति रत्नालु’ (२०२१) ने त्यांचे नाव तेलुगूत पक्के केले. मनोज बीधा दिग्दर्शित ‘एजंट कण्णायिरम’ (२०२२) ही तमिळ आवृत्ती, नायक संतानम. तीत आईच्या धाग्याला अधिक वाव दिला आहे; तिला मूळ चित्रपटाइतका प्रतिसाद लाभला नाही.