वर्गणी कशाची घेतो, कशाची घेत नाही
तासिका तत्त्वावरच्या (घेतलेल्या तासांपुरतेच मानधन) आणि रजेच्या काळातल्या शिक्षक-जागांची सूचना सेवा : ग्राहकांसाठी माहिती

जून लागला की चौकशीला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारतेच, "जाहिरात पेपरात येते, कॉलेजच्या बोर्डावर लागते, मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या हाताला अजून काम नाही, त्याच्याकडूनच काम शोधण्याचे पैसे घ्यायचे, हे आमच्याही मनाला लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचे मूळ तत्त्व हेच आहे की खासगी रोजगार संस्थांनी काम शोधणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, पण तत्त्व पटण्यासारखे आहे. म्हणून वर्गणी भरण्याआधी हे पत्रक वाचा आणि मगच ठरवा.

आमची वर्गणी २०० रुपये, जून ते सप्टेंबर या एका हंगामाची. ती शोधाशोधीची आणि खात्री करण्याची आहे. सकाळी स्थानिक आवृत्त्यांमधल्या छोट्या जाहिराती चाळायच्या, महाविद्यालयांची संकेतस्थळे उघडायची, जिथे संकेतस्थळ महिनोन्‌महिने तसेच पडून असते तिथे नोटीस बोर्ड पाहून यायचा, आणि मग कार्यालयात फोन लावायचा. खरा वेळ या फोनमध्ये जातो. जाहिरातीत नुसते "भूगोल – १" असते. पद अनुदानित की विनाअनुदानित, तासिका किती, प्रवर्ग कोणता, हे हेडक्लार्कना विचारल्याशिवाय कळत नाही. सगळे विचारून झाले की सभासदाला असा निरोप जातो :

"भूगोल, पदवी स्तर, अनुदानित, तासिका तत्त्व. आठवड्याला ९ तासिका. नेट/सेट किंवा पीएच.डी. असल्यास प्राधान्य. थेट मुलाखत गुरुवारी सकाळी ११ वाजता. मूळ कागदपत्रे आणि झेरॉक्सचे दोन संच. गेल्या वर्षीचे सर यंदाही अर्ज करणार आहेत. कार्यालयाशी बोलून खात्री : मंगळवार, दुपारी ३.४०."

यातले शेवटून दुसरे वाक्य आम्ही मुद्दाम विचारून घालतो. अनेक ठिकाणी आदल्या वर्षी शिकवलेल्या सरांना किंवा मॅडमनाच पुन्हा घ्यायचे असते आणि जाहिरात नियमापुरती निघते. त्यात गैर आहेच असे नाही, वर्षभर शिकवलेल्या माणसाचाही हक्क असतो. पण जतहून पहाटेची एसटी पकडून, मूळ प्रमाणपत्रांची फाइल छातीशी धरून आलेला उमेदवार पाच मिनिटांत बाहेर येतो, तेव्हा त्याचा दिवस गेलेला असतो आणि भाडेही. कार्यालयाने सांगितले तर ही गोष्ट निरोपात येते. सांगितले नाही तर "माहिती मिळाली नाही" असे लिहितो. जायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

वर्गणीचे ओझे किती, याचाही हिशेब मांडू. २०२३ मध्ये शासनाने पदवी स्तरावरच्या तासिकेचा दर ९०० रुपये केला. आठवड्याच्या नऊ तासिका पूर्ण भरल्या तर ८,१०० रुपये होतात. पण सुट्ट्या आणि परीक्षांच्या दिवसांत तासिका नसतात, आणि बिल मंजूर होऊन पैसे हातात पडायला महिने लागतात. विनाअनुदानित शाळेत रजेच्या जागेवर तर संस्था पदरचे देईल तेवढेच. म्हणूनच जागा मिळाल्यावर आम्ही पहिल्या मानधनातला हिस्सा मागत नाही. संस्थेकडूनही काही घेत नाही, नाही तर आमचा निरोप कुणाच्या सोयीचा, असा संशय तुम्हाला यायलाच हवा.

आता सगळ्यात अवघड मुद्दा : पैसे भरणाऱ्याला आधी कळावे का?

पूर्वी आमचे दोन दर होते, १०० आणि ३००. तीनशेवाल्यांना निरोप लगेच जायचा, शंभरवाल्यांना संध्याकाळी. एका शाळेत गणिताच्या सरांच्या पायाचे हाड मोडले आणि दीड महिन्याची जागा निघाली. साडेबाराला पहिला निरोप गेला, दोन वाजता जागा भरली. सातला निरोप मिळालेल्या एका ताई त्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर राहत होत्या. त्यांनी शाळेत फोन केला आणि मग आम्हाला. चिडल्या नाहीत, एवढेच विचारले, "तुम्हाला दुपारीच माहीत होतं का हो?" होते. त्या हंगामानंतर दोन दर बंद केले.

तासिका तत्त्वावरच्या जागेला मुलाखतीची तारीख ठरलेली असते. आधी कळलेल्याला तयारीला वेळ मिळतो, एवढाच काय तो फरक. रजेच्या जागेचे तसे नाही. दहावीचा वर्ग अडलेला असतो, मुख्याध्यापक ज्याचा फोन आधी येईल आणि जो सोमवारी फळ्यासमोर उभा राहील त्याला घेतात. शिवाय अशा छोट्या जागा सरकारी यादीत यायच्याच नाहीत, कारण सेवायोजन कार्यालयाला रिक्त जागा कळवण्याचा १९५९ चा कायदा तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कामाला लागू नव्हता. त्या कळायच्या त्या ओळखीने. म्हणून शाळेने आम्हाला फोनवर कळवलेली रजेची जागा आता सगळ्यांना एकाच वेळी जाते, वर्गणी भरलेल्यांना आणि न भरलेल्यांनाही. आम्हाला ती माहिती फुकट मिळते, तिचा लिलाव करणार नाही. छापून आलेल्या जाहिरातीही त्याच दिवशी दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागतात. वर्गणीदाराला वेगळे मिळते ते त्याच्या विषयापुरते, त्याच्या तालुक्यांपुरते, खात्री केलेले. काही जण नुसता फळा वाचून नोकरीला लागले, त्याचा आम्हाला आनंदच आहे.

काहींनी मात्र वर्गणी भरूच नये. पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्य शासनाच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची वाट पाहत असाल तर आमचा उपयोग नाही. तिथे अभियोग्यता चाचणीचे गुण, तुम्ही भरलेले पसंतीक्रम आणि "मुलाखतीसह" जागा असेल तर संस्थेची मुलाखत, यांवर निवड होते आणि सूचना पोर्टलवर मोफत मिळतात. त्या भरतीत "सेटिंग करून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे. महास्वयम्‌ आणि नॅशनल करिअर सर्व्हिस ही सरकारी पोर्टलेही मोफत आहेत, तिथे नाव आधी नोंदवा.

मराठी, इतिहास, राज्यशास्त्र या विषयांचे उमेदवार फार आणि जागा थोड्या. म्हणून पैसे घेण्याआधी तुमच्या विषयाचे सध्या किती सभासद आहेत आणि गेल्या हंगामात किती जागा निघाल्या, हे दोन्ही आकडे वहीतून दाखवतो. तत्त्वज्ञानाच्या एका मॅडमना आम्ही सरळ सांगितले की फळाच वाचत जा, दोनशे रुपये एसटीला ठेवा.

सप्टेंबरअखेर तुमच्या विषयाची एकही सूचना गेली नाही, तर पूर्ण वर्गणी परत मिळते. त्यासाठी अर्ज करायची गरज नाही. नाव, विषय, पात्रता, तालुके आणि मोबाइल नंबर, एवढेच लिहून घेतो. आधार कार्डाची प्रत मागत नाही आणि तुमचा बायोडाटा तुम्हाला न विचारता कुठल्याही संस्थेला देत नाही.

जागा मिळाली की एक निरोप टाका. कुठे, किती मानधनावर, हे सांगायलाच हवे असे नाही. तुमचे नाव यादीतून कमी झाले की पुढे चौकशीला येणाऱ्याला आम्ही खरा आकडा सांगू शकतो.