पार्श्वसंगीत (दुकाने व कामाच्या ठिकाणचे)

पार्श्वसंगीत : दुकान, मॉल, हॉटेल, कारखाना, कार्यालय अशा ठिकाणी मंद आवाजात सतत वाजत ठेवलेले संगीत. मराठीत हा शब्द आधी चित्रपट-नाटकातील प्रसंगामागच्या संगीतासाठी रुळला, त्यामुळे थोडा घोटाळा होतो. येथे अभिप्रेत असलेले संगीत प्रसंगामागचे नसून गिऱ्हाईक आणि नोकर यांच्या डोक्यावरचे आहे. तेही शब्दशः, कारण ते छतात बसवलेल्या जाळीच्या गोल स्पीकरांतून येते. एकाच ॲम्प्लिफायरवर लांबवर पसरलेले अनेक स्पीकर चालावेत म्हणून भारतात बहुधा १०० व्होल्टची लाइन टाकतात आणि प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. ‘पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीच्या मालकांनी कृपया गाडी काढावी’ अशी घोषणा सुरू झाली की गाणे आपोआप दबते आणि घोषणा संपली की पुन्हा वर येते. अनेकांना दुकानात गाणे चालू होते हे त्या क्षणीच कळते.

कामाबरोबर गाणे ही जुनीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या होत्या. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ या संशोधकांच्या प्रयत्नांतून त्यांपैकी एक लाखाहून अधिक गोळा झाल्या. पण ओवी दळणारीची असे. तिचा हात थांबला की ओवी थांबे, आणि सासरचे गाऱ्हाणेही तीत बसे. पार्श्वसंगीताचे बटण मात्र ऐकणाऱ्याकडे नसते. सलूनमधला किंवा शिंप्याच्या दुकानातला विविध भारतीवर लावलेला रेडिओ या दोहोंच्या मधला म्हणावा लागेल : गिऱ्हाइकाला तो ऐकावा लागतो, पण लावणारा स्वतःही मन लावून ऐकत असतो.

ऐकू नये म्हणून संगीत रचण्याची कल्पना फ्रेंच संगीतकार एरिक साती याने मांडली. खोलीत खुर्ची-टेबल असते तसे असणारे हे ‘फर्निचर संगीत’ १९२० मध्ये पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात वाजवले गेले. बोला, हिंडा, लक्ष देऊ नका, असे साती सांगत राहिला. वाजंत्री सुरू होताच लोक मुकाट्याने जागेवर बसून ऐकू लागले.

धंदा उभा राहिला तो अमेरिकेत. लष्करातील मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर याने एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१० च्या सुमारास घेतले होते. त्याच तंत्राने विजेच्या तारांमधून घरोघर संगीत पोचवण्यासाठी १९२२ मध्ये एका वीजकंपनीच्या आश्रयाने उद्योग निघाला. पण घरात तोवर रेडिओ फुकट वाजू लागला होता. मग मोर्चा हॉटेले, उपाहारगृहे आणि कार्यालये यांच्याकडे वळला. १९३४ मध्ये ‘म्युझिक’ आणि स्क्वायरला आवडणारे ‘कोडॅक’ हे नाव यांचा सांधा जोडून ‘म्यूझॅक’ हे कंपनीचे नाव तयार झाले. स्क्वायर त्याच वर्षी वारला. पुढे इंग्रजीत म्यूझॅक हे अशा सगळ्याच गुळमुळीत संगीताचे, बहुतेक वेळा नाक मुरडून घेतले जाणारे, सामान्यनाम झाले.

म्यूझॅकचा खरा शोध म्हणजे वेळापत्रक. गाणी शब्दांशिवाय, तंतुवाद्यांवर भर देऊन नव्याने ध्वनिमुद्रित केली जात, कारण शब्द आले की लक्ष जाते. प्रत्येक गाण्याला लय, ताल, वाद्ये आणि वाद्यवृंदाचा आकार यांवरून ‘चेतना’ मोजणारा क्रमांक मिळे. पंधरा मिनिटांच्या तुकड्यात गाणी चढत्या क्रमाने लागत, मग पंधरा मिनिटे शांतता. सकाळी साडेदहाच्या आसपास आणि दुपारच्या जेवणानंतर माणूस पेंगुळतो, म्हणून तिथे चढ अधिक. उत्पादन वाढते हा दावा मुख्यतः कंपनीचाच होता, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

ब्रिटनमध्ये हेच काम युद्धकाळात बीबीसीने केले. जून १९४० पासून कारखान्यांसाठी सकाळी व दुपारी अर्धा अर्धा तास खास कार्यक्रम लागे, तो १९६७ पर्यंत चालला. लय फार संथ नको, मध्येच बदलायला नको, अशी पथ्ये होती. टाळ्यांची जागा असलेले एक लोकप्रिय गाणे वगळावे लागले : कामगार हातातले पाने (स्पॅनर) यंत्रांवर आपटून ठेका धरतील, ही भीती.

नको असलेले संगीत ऐकावे लागणे हा हक्काचा प्रश्न १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. वॉशिंग्टनच्या ट्राम व बसगाड्यांत कंपनीने रेडिओ बसवला होता आणि काही उतारूंनी तक्रार केली होती. न्यायालयाने रेडिओ चालू ठेवू दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी एकांतात राहू देण्याच्या हक्कावरून विरोधी मत दिले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर तर सुनावणीतूनच बाजूला झाले, कारण त्या संगीताचा त्रास त्यांना स्वतःलाच इतका होत असे की आपण निःपक्ष राहू याची त्यांना खात्री नव्हती.

विक्रीवरील परिणामासाठी रोनाल्ड मिलिमन यांचा १९८२ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. सुपरमार्केटमध्ये द्रुत संगीताऐवजी संथ संगीत लावल्यावर लोक सावकाश हिंडले आणि विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली. हा आकडा एका दुकानाचा आहे. ध्वनियंत्रणा विकणारे तो निसर्गनियमासारखा सांगतात. अधिक गमतीचा प्रयोग १९९७ मध्ये एड्रियन नॉर्थ व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केला. फ्रेंच संगीत असलेल्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन. संगीतामुळे ही बाटली घेतली का, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे होते.

पुढे मूळ कलावंतांची गाणीच दुकानाच्या ‘ओळखी’प्रमाणे निवडून वाजवण्याची रीत आली आणि म्यूझॅकचे शब्दहीन वाद्यवृंद मागे पडले. कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २०११ मध्ये ती मूड मीडियाने घेतली आणि २०१३ मध्ये नावही पुसले गेले. विरोधही वाढत होता. ब्रिटनमध्ये ‘पाइपडाउन’ ही चळवळ त्यासाठीच चालते आणि २०१६ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने तिथल्या दुकानांतील संगीत बंद केले. या चर्चेत गिऱ्हाइकाचाच विचार जास्त होतो. ते वीस मिनिटांत बाहेर पडते, काउंटरवरची मुलगी मात्र तीच यादी दिवसातून अनेकदा ऐकते.

भारतात दुकानात गाणे लावणे हे कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सार्वजनिक वादन ठरते. ध्वनिमुद्रणासाठी मुख्यतः पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) आणि शब्द व चालीसाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९) या संस्था परवाने देतात. मोबाइलवरच्या ॲपचे पैसे भरले म्हणजे भागले, असे अनेक दुकानदारांना वाटते, पण ती वर्गणी घरगुती वापरापुरती असते. विवाहसमारंभासारख्या धार्मिक विधींना कायद्यात सूट आहे. तिचा आधार घेऊन, लग्नातल्या गाण्यांसाठी परवान्याचे पैसे मागू नयेत असे गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले.