इको रिसॉर्ट वेगळं, जंगलातलं शेतघर वेगळं

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येतो: "मुलांना जंगलातलं शेत दाखवायचंय, चांगलं इको रिसॉर्ट सुचवा." हवं असतं शेत आणि विचारलं जातं रिसॉर्ट. मग लोक रिसॉर्टवर जातात आणि परत येऊन "शेत वगैरे काही खास नव्हतं" म्हणतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून यंदा एकदाच नीट लिहून ठेवते.

रिसॉर्ट म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. मुळशी, कामशेत, महाबळेश्वर, कुठे ना कुठे आपण सगळेच राहून आलोय. शेतघर म्हणजे शेतकऱ्याचं राहतं घर. तिथे खोल्या कमी, जेवण घरातल्यांच्याच पानातलं, एसी बहुतेक नसतो. आजी-आजोबा सोबत असतील तर कमोड आहे का ते आधी विचारून घ्या. वरवरचे फरक एवढेच.

जंगलाबद्दल एक सांगते. जुलैत मुळशीचे माळही गर्द हिरवे दिसतात, पण एप्रिलमध्ये ते पिवळे पडतात. सदाहरित वर्षावन भर उन्हाळ्यातही दाट असतं, आत शिरलं की अंधारून येतं. मी ज्या शेतघरांबद्दल लिहितेय ती अशा जंगलाच्या कुशीत आहेत: कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-सिद्धापूरच्या बाजूला. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत रात्रीच्या प्रवासात पोहोचता येतं.

आता खरा फरक. घाटमाथ्यावरच्या एका इको रिसॉर्टमध्ये आम्ही राहिलो होतो. सौर दिवे होते, बांबूच्या खुर्च्या होत्या. सकाळी सातला मागच्या दाराशी टेम्पो लागला. त्यातून पाव, ब्रॉयलर, बाटलीबंद पाण्याचे बॉक्स, अगदी कोथिंबीरसुद्धा उतरली. परत जाताना त्याच टेम्पोत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चढल्या. सगळं बाहेरून येत होतं आणि सगळं बाहेर जात होतं. भोवतालच्या जंगलाशी त्या जागेचा व्यवहार काहीच नव्हता. जंगल खिडकीतून दिसत होतं, इतकंच.

शिरसीकडच्या सुपारीच्या बागेत जंगल घरात येतं. बाग दरीच्या तळाशी, वरच्या उतारावर जंगल. तिकडे त्या जंगलाला 'सोप्पिन बेट्ट' म्हणतात: सोप्पु म्हणजे हिरवा पाला, बेट्ट म्हणजे डोंगर. इंग्रजांच्या काळापासून बागायतदाराला तिथून पाला आणायचा हक्क आहे, एकरभर बागेला नऊ एकरांपर्यंत. जमीन सरकारी वनखात्याची, हक्क फक्त पाल्याचा. तो पाला आधी गोठ्यात गाईंखाली अंथरतात. शेण-मूत्र मुरलं की तो खड्ड्यात जातो, कुजतो आणि खत होऊन सुपारीच्या बुंध्याशी पडतो. सुपारीच्या खोडावर मिरीचे वेल, खाली वेलदोडा आणि केळी. सुपारीला उन्हाळ्यात पाणी लागतंच, आणि ते वरच्या जंगलातून झिरपणाऱ्या ओढ्याचं. जंगल गेलं तर बाग वाळेल, हे त्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पाहुणा आला काय, न आला काय, हे चक्र चालूच राहतं. मी शाश्वत म्हणते ते याला, रिसॉर्टच्या सौर दिव्यांना नाही.

पण बाग आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. पाल्यासाठी दरवर्षी फांद्या छाटत राहिलं की बेट्टातली झाडं नुसते खांब होऊन उभी राहतात, खाली नवीन रोप उगवत नाही. चांगला बागायतदार गळलेला वाळका पाला जास्त गोळा करतो आणि काही झाडांना कोयता लावत नाही. म्हणून पोहोचल्यावर आधी बाग नको, बेट्ट दाखवा म्हणा. तिथे जांभळीचं, फणसाचं रोप उगवलेलं दिसलं तर जागा योग्य आहे. पावसाळ्यात सुपारीवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, फवारतात. जो मालक हे न लपवता सांगतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

फोनवर "ॲक्टिव्हिटीज काय आहेत?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. "पाहुणे नसतात तेव्हा तुमच्याकडे काय काम चालतं?" असं विचारा. रिसॉर्टवाल्याला उत्तर देता येत नाही. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते गृहस्थ त्यावर वीस मिनिटं बोलले.

डिसेंबरात तिथे सुपारी सोलणी चालते. संध्याकाळी पडवीत घरातल्या अज्जी विळीसारखं पातं पायाखाली दाबून बसल्या. सुपारी पात्यावर एकदा दाबायची, फिरवायची, की साल सुटते. माझ्या लेकीने तासाभरात अकरा सोलल्या, तेवढ्यात अज्जींची टोपली भरली होती. पिकलेली सुपारी त्याआधी अंगणात चाळीस-पंचेचाळीस दिवस उन्हात वाळलेली असते. तिचा खुळखुळ आवाज लेकीला अजून आठवतो.

अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात सिंहपुच्छ माकडांसाठी राखीव क्षेत्र आहे. ती झाडांच्या शेंड्यांवरच राहतात, त्यामुळे दुर्बीण न्या आणि मुलांना गप्प बसायची सवय लावून न्या. जून ते सप्टेंबर मात्र लहान मुलांना घेऊन जाऊ नका. जळवा पायमोज्यातूनही आत शिरतात, आणि मालकाला फवारणीतून मान वर करायला वेळ नसतो.