घोटा पुन्हा पुन्हा का मुरगळतो?

नांगरट झालेल्या काळ्या रानातून चालताना मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा घोटा कधी ना कधी मुरगळतोच. ढेकूळ कलंडतं, पाऊल आत वळतं आणि सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो. तिथे हाडाला हाडाशी बांधणारे तीन अस्थिबंध असतात. आता खेड्यातही त्यांना लिगामेंटच म्हणतात. तिघांतला पुढचा सर्वांत कमजोर, त्यामुळे बहुतेकदा तोच दुखावतो.

लिगामेंट मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं असतं. एरवी हे तंतू किंचित नागमोडी असतात. ओढ बसली की सरळ होतात, ताठ होतात आणि त्याहून जास्त ताणले तर तुटतात. रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून दुखणं काही आठवड्यांत थांबलं तरी पूर्ण ताकद यायला महिने लागतात. गुडघ्याच्या आतल्या एसीएल नावाच्या लिगामेंटचं तर वेगळंच. कबड्डीत पाय रोवलेला राहतो, अंग फिरतं, 'कट्' असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. सांध्यातल्या द्रवामुळे तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा आपोआप सांधत नाहीत.

पण लिगामेंट ही नुसती दोरी नव्हे. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि सांधा किती वळला याची खबर ती मेंदूला देत राहतात. लचक भरल्यावर ही खबर नीट पोचत नाही, स्नायू सावरायला उशीर करतात आणि तोच पाय परत मुरगळतो. सूज उतरली की काम झालं असं आपण समजतो, ते इथेच चुकतं. चालताना त्रास होईनासा झाला की आधार हाताशी ठेवून रोज थोडा वेळ त्या एका पायावर उभं राहावं. बिनखर्ची व्यायाम आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

गावात चोळून, ओढून 'शीर बसवणारे' असतात. साधी लचक तशीही बरी होते, श्रेय त्यांना मिळतं. हाड मोडलेलं असेल तर मात्र हेच चोळणं महागात पडतं. लंगडत का होईना, चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल तर आधी एक्स-रे काढावा. अर्थात एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. 'हाड चांगलं आहे' हे ऐकूनही महिन्या-दीड महिन्याने घोटा डगमगतच असेल, तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं.