शटर उघडत नाही? आधी बघा, अडलंय की जड झालंय

चिपळूण आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या ग्राहकांसाठी. गॅरेज, पार्किंग आणि दुकानांच्या हातानं ओढायच्या शटरबद्दल.

‘शटर उघडत नाही’ असा फोन आला की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. पुष्कळांना तो विचित्र वाटतो, कारण गाडी आत आणि आपण बाहेर असताना दोन्ही सारखंच. पण फरक आहे. अडलेलं शटर मुळीच हलत नाही, किंवा इंच-दोन इंच उठून खट्‌कन थांबतं. जड झालेलं शटर जोर लावला तर कसंबसं वर येतं आणि हात सोडला की धाडकन खाली बसतं. अडलेलं शटर बऱ्याचदा तुमचं तुम्हालाच सोडवता येतं. जड झालेल्याला मात्र हात लावू नका.

अडलं असेल तर आधी कुलपं

दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर आल्यात ना, वाकून बघा. घरातल्या एकानं डावीकडचं कुलूप काढायचं, दुसऱ्यानं उजवीकडचं, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्यानं काढलंय, असं होतं. मधलं लॉक असेल तर किल्ली फिरवल्यावर त्याच्या दोन सळया दोन्ही बाजूंनी आत यायला हव्यात. किल्ली पुरती फिरली आणि एकच सळई आत आली, तर शटर एका अंगाला अडून राहतं.

कडी किंवा सळई भोकातच घट्ट बसली असेल तर हातोडी आणू नका. शटर खाली असताना आतली स्प्रिंग त्याला सतत वर ओढत असते, त्यामुळे कडी भोकाच्या कडेला दाबली जाते. खालच्या पट्टीवर पाय ठेवून शटर थोडं खाली दाबा आणि दाबलेलं असतानाच कडी सरकवा. ती अलगद निघते. आमच्या फेऱ्या या एका युक्तीनं वाचतात, तरी आम्ही ती सगळ्यांना सांगतो.

किल्ली आतच जात नसेल तर भोकात टॉर्च मारून बघा. आपल्याकडे कुंभारीण माशी किल्लीच्या भोकात मातीचं घर करते. बंद घरात तिला कोणी हुसकत नाही. बारीक तारेनं माती कोरून काढा, पाणी ओतू नका. गंजलेल्या कुलपात गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खोबरेल तेल नको, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं. नुसतं कोरडं कुरकुरणारं कुलूप असेल तर शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. किल्ली आत मोडली असेल तर तुकडा खोलवर ढकलू नका, आम्हाला बोलवा.

मग दोन्ही बाजूंचे गाईड

शटर ज्या उभ्या खाचांतून वर जातं ते गाईड. एका बाजूनं उठतंय आणि दुसरीकडे रुततंय, तर रुततंय त्या बाजूच्या गाईडमध्ये खडा, मातीचा गोळा किंवा पोचा शोधा. पोचा बहुधा गुडघ्याच्या खाली असतो, कारण तिथे गाडी मागे घेताना बंपर लागतो. खडा काढता येतो. बारीक पोचा आतून लाकडी ठोकळा लावून हलक्या ठोक्यांनी सरळ होतो. थेट लोखंडावर हातोडी मारली तर गाईडचं तोंड मिटतं आणि काम वाढतं.

गाईड ठीक असेल तर पट्ट्या बघा. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. त्या आडव्या सरकू नयेत म्हणून टोकाला रिव्हेट मारलेल्या क्लिपा असतात. क्लिप तुटली की ती पट्टी एका बाजूला सरकते आणि गाईडला घासते. गाईडवर चकचकीत नवा ओरखडा दिसला तर कारण हेच. ठोकळ्यानं ती मधे सरकवून त्या दिवसापुरतं शटर उघडता येतं, पण क्लिप बसवून घ्यावीच लागते.

पुराचा गाळ ही वेगळीच गोष्ट. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर बाजारपेठेत आम्ही हेच पाहिलं: पहिल्या दोन दिवसांत ज्यांनी गाईड पाण्यानं धुतले, त्यांची शटरं उघडली. ज्यांनी आधी सामान उपसलं (आणि त्यांना दोष कोण देणार!) त्यांचा गाळ गाईडमध्ये वाळून सिमेंटसारखा झाला होता. असा गाळ कोरडा खरवडू नका. पाणी मारून भिजू द्या, मग पातळ पट्टीनं काढा. पाणी वरच्या डब्यापर्यंत चढलं असेल तर शटर उघडलं तरी स्प्रिंग आमच्याकडून तपासून घ्या.

जड झालं असेल तर

आठ फूट बाय आठ फूट लोखंडी शटरचं वजन साधारण ७० ते ८० किलो असतं. ते तुम्ही दोन हातांनी उचलता, कारण वरच्या पाइपवरच्या स्प्रिंगा बहुतेक भार घेतात. स्प्रिंग तुटली की तो सगळा भार तुमच्या कमरेवर येतो. रात्री गॅरेजमधून ‘ठण्’ असा आवाज आला आणि सकाळी शटर जड लागलं, तर स्प्रिंग गेली असंच धरा. दोनांपैकी एकच तुटली असेल तर शटर तिरकं चढतं आणि मधेच अडकतं. तेव्हा ते अडल्यासारखं वाटतं, पण मूळ दुखणं जडपणाचंच असतं.

अशा वेळी जॅक किंवा पहार लावू नका. खालची पट्टी वाकते, वर मोठं बिल होतं. अर्धवट अडकलेल्या शटरखालून वाकून जाऊ नका, मुलांना तर मुळीच नाही. आणि पाइपच्या टोकाचे ब्रॅकेटचे नट कधीही सैल करू नका. पिळलेली स्प्रिंग सुटली की पाइप गर्रकन फिरतो. त्यात पान्हा धरलेला हात मोडतो.

स्प्रिंग थकतेय का, हे आधीच कळतं. चालू शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा, पूर्ण सोडू नका. ते तिथेच थांबलं किंवा किंचित हललं तर ठीक. झपकन खाली जाऊ लागलं तर आम्हाला कळवा.

शिमग्यापासून बंद असलेली घरं

मुंबईहून गणपतीला येणाऱ्या मंडळींचे फोन आमच्याकडे एकाच आठवड्यात येतात, आणि त्या आठवड्यात आम्हाला सगळीकडे पोचता येत नाही. घराची किल्ली गावात कोणाकडे असेल तर जुलैमध्येच एकदा शटर वर-खाली करून घ्या. मे महिन्यात गाईड कोरड्या ब्रशनं साफ करा आणि फडक्याला शिलाई मशीनचं तेल लावून पुसा. गाईडमध्ये ग्रीस नको, लाल माती त्याला चिकटून बसते. शटर ओढताना मधोमध धरा, एका कोपऱ्यातून नको.

फोन करताना शटरची रुंदी-उंची, कोणत्या बाजूनं अडलंय आणि हात सोडल्यावर काय होतं, एवढं सांगा. गाईडचा आणि वरच्या डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तर स्प्रिंग सोबतच घेऊन येता येतं. नंबर तुमच्या पावतीवर आहे. गाडी आत अडकली असेल तर ते पहिल्या वाक्यातच सांगा, तुमचा नंबर आधी लावू.