पाठीवरची प्रत्येक पुळी मुरूम नसते

चेहऱ्यावर एक पुळी उठली तर सकाळी आरशात पहिली नजर तिच्यावरच जाते. पाठीवर वीस उठल्या तरी ज्याची पाठ त्याला पत्ता नसतो. कळतं ते बनियनवर रक्ताचा ठिपका दिसल्यावर, नाहीतर लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकताना 'मागचा गळा किती खोल ठेवू?' असं टेलरने विचारल्यावर. चेहऱ्यावर मुरूम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या छाती-पाठीवरही ते असतात, पण दवाखान्यात विषय निघतो तो चेहऱ्याचाच. पाठ शर्टाखाली राहते आणि तिच्यावर घरगुती प्रयोग सुरू होतात: वज्री, खरखरीत घासणी, जाडसर उटणं, दिवसातून दोनदा जंतुनाशक साबण.

या सगळ्या प्रयोगांमागे समज एकच. पाठीला हात पोचत नाही, म्हणून तिथे मळ साचतो आणि मळामुळे पुळ्या येतात. तसं ते नाही. का नाही, हे बघायला एका लवेच्या मुळापर्यंत उतरावं लागेल.

पाठीच्या वरच्या भागावर केस म्हणजे जेमतेम दिसणारी लव असते. पण तिच्या मुळाशी चिकटलेली तैलग्रंथी मात्र चांगली मोठी. तळहात-तळपायांना अशा ग्रंथी नसतातच; चेहरा, डोकं, छाती आणि पाठ इथे त्या दाटीवाटीने असतात. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही शरीरात अँड्रोजन संप्रेरकं वाढतात, त्यांनी या ग्रंथी फुगतात आणि सीबम नावाचं तेल जास्त सोडू लागतात. ते तेल लवेच्या नळीतून वर येतं. नळीच्या अस्तरातल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरूम होणाऱ्या त्वचेत मात्र त्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत बूच बसतं. हे बूच सुरुवातीला डोळ्यांना दिसतही नाही. त्याची पुळी व्हायला काही आठवडे जातात, म्हणजे आज टोचणाऱ्या मुरमाची सुरुवात कधीच होऊन गेलेली असते.

बुचाचं तोंड उघडं राहिलं तर वरून काळा ठिपका दिसतो. तो काळेपणा मळाचा नसतो. त्वचेचंच मेलॅनिन आणि हवा लागून रंग बदललेली चरबी यांचा तो रंग. तोंड बंद राहिलं तर आत तेल साठत जातं, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि प्राणवायूशिवाय सुखाने जगणाऱ्या एका जिवाणूची चंगळ होते. पूर्वी त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होतं, २०१६ पासून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. हा तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच अंगावर असतो, अगदी नितळ पाठीवरसुद्धा. तो सीबममधली चरबी फोडतो, त्यातून निघालेल्या पदार्थांनी आसपासची प्रतिकारयंत्रणा खवळते. लाली, सूज, पू हे सगळं तिचं काम. आणि शेवटी नळीची भिंत आतल्या आत फुटली, तर खोलवर दुखरी गाठ होते.

आता वज्री कुठे चालते ते बघा: वरच्या वर. तुंबलेल्या मोरीसाठी बाथरूमची फरशी घासण्यापैकीच हे. उलट दाबामुळे सुजलेली नळी आत फुटायची शक्यता वाढते. घर्षणाने मुरूम चिघळतात याचं वर्णन ओटो मिल्स आणि ॲल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी संशोधकांनी १९७५ मध्ये केलं आणि त्या प्रकाराला 'ॲक्ने मेकॅनिका' म्हटलं. खेळाडूंची खांद्यावरची पॅडं, घट्ट पट्टे, पाठीवरची जड सॅक हे त्यातले नेहमीचे आरोपी. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीपायी सॅक पोटाशी धरावी लागते, ते पाठीच्या पथ्यावरच पडत असणार. (क्लिगमन यांचं नाव मुरमांच्या शास्त्रात जागोजागी येतं. ट्रेटिनॉइन हे मुरमांवर लावायचं औषध त्यांच्यामुळेच वापरात आलं. पण फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर त्यांनी वर्षानुवर्षं जे प्रयोग केले, ते वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात आजही काय करू नये म्हणून शिकवले जातात. ट्रेटिनॉइनच्या ट्यूबचा इतिहास काही स्वच्छ नाही.)

इथवर मुरमांचं झालं. पण पाठीवर उठतं ते सगळं मुरूमच असतं असं नाही, आणि खरी फसगत इथे होते.

मे महिन्याच्या उकाड्यात कुणाच्या तरी पाठीवर, खांद्यांवर आणि छातीवर शेकड्याने बारीक पुळ्या येतात. सगळ्या एकाच मापाच्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. काळे ठिपके शोधून सापडत नाहीत. दुखत नाहीत, पण घाम आला की खाज सुटते. औषधाच्या दुकानात जाऊन 'पाठीवर पिंपल्स आलेत' म्हटलं की अँटिबायोटिकच्या गोळ्या हातात पडतात. दोन आठवड्यांनी पुळ्या दुप्पट.

हे मुरूम नव्हतेच. हा मॅलासेझिया नावाच्या बुरशीचा, नेमकं सांगायचं तर यीस्टचा, उद्योग. कोंड्यामागे जिचा हात असतो तीच ही. तिला स्वतःची चरबी नीट बनवता येत नाही, म्हणून ती आपल्या तेलावर जगते, साहजिकच तैलग्रंथी दाट असतील तिथे मुक्काम ठोकते. कोकण, गोवा, मुंबईची दमट हवा तिला मानवते. वर घामाने भिजलेला सिंथेटिक टी-शर्ट तासन्‌तास अंगावर असेल तर बघायलाच नको. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, यीस्टला काही करत नाही. जागेसाठी भांडणारे शेजारी गेले की यीस्टला रान मोकळं.

त्वचारोगतज्ज्ञाला हे ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. एक पुळी हलकेच फोडून आतला ऐवज काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्याने त्वचेच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल, कळ्या फुटल्यासारख्या यीस्टच्या पेशी उरतात. वूड्स लॅम्प नावाचा जांभळट अतिनील दिवाही असतो. अंधाऱ्या खोलीत तो मुरमांच्या त्वचेवर धरला तर रंध्रारंध्रातून नारिंगी ठिपके चमकतात: क्युटिबॅक्टेरियम पॉर्फिरिन नावाची द्रव्यं तयार करतो, त्यांची ती चमक. पाठीच्या पुळ्यांवरून काही न विचारता औषध देणाऱ्याकडे यातलं एकही नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

यीस्टवरचा इलाजही वेगळा. कोंड्यासाठी मिळतो तो २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू पाठीवर फेस करून पाचेक मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा; दाट असेल तर डॉक्टर इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या देतात. पुढच्या उन्हाळ्यात त्रास परत येऊ शकतो, कारण यीस्ट अंगावरून कायमची जात नसते. शिवाय एकाच पाठीवर मुरूम आणि यीस्ट दोन्ही नांदू शकतात, तेव्हा फोटो बघून निदान करणाऱ्या भावंडांचं फार मनावर घेऊ नये.

घामोळं त्याहून निराळं. तिथे तुंबते ती घामाची नळी, केसाशी तिचा संबंध नाही. पंख्याखाली, गारव्यात ते आपोआप ओसरतं. केसतोडा म्हणजे एखादंच मोठं, ठणकणारं, पुवाने भरलेलं गळू, आणि ते बहुधा स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं.

आणखी एक प्रकार आपल्याकडे भरपूर आहे आणि तो बराचसा आपणच ओढवून घेतो. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक अशी तिन्ही एकत्र असलेली मलमं. चार दिवस लाली आणि खाज विझते, माणूस खूश होतो. मग स्टेरॉइडमुळेच एकसारख्या पुळ्यांचं पीक येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली. तरी ओळखीच्या दुकानात ट्यूब मिळतेच. पोटातून घेतलेली स्टेरॉइडं, जिममध्ये 'बॉडी'साठी टोचली जाणारी ॲनाबॉलिक इंजेक्शनं, मानसिक आजारावरचं लिथियम, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड यांनीही छाती-पाठीवर मुरमांसारखं पुरळ उठतं. क्षयाच्या गोळ्या मात्र त्यापायी मनाने बंद करायच्या नाहीत. पुरळ डॉक्टरांना दाखवायचं.

'अंगात उष्णता झालीय', 'पोट साफ नाही', 'शेंगदाणे बंद कर' हे सल्ले पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. शेंगदाण्याविरुद्ध ठोस पुरावा नाही. साखर, मैदा यांसारख्या रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याविरुद्ध मात्र थोडा आहे, आणि दुधाविरुद्ध त्याहून थोडा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरच्या १,२०० आणि पॅराग्वेतल्या आचे जमातीच्या ११५ जणांची त्वचा तपासली, तर एकाच्याही अंगावर मुरूम सापडला नाही. दोन्हीकडे पाव-बिस्किटांचं जग जवळजवळ पोचलेलं नव्हतं. पण त्यांची जनुकं, त्यांचं राहणीमान सगळंच वेगळं, तेव्हा श्रेय एकट्या आहाराला देता येत नाही. गोड कमी करायला हरकत नाही. केवळ त्याने पाठ नितळ होईल अशी आशा धरू नये.

तेलाबद्दल मात्र आज्जीशी वाद घालावा लागेल. केसांना चोपडलेलं तेल रात्रभर वेणीतून मानेवर आणि पाठीवर उतरतं, रंध्रांच्या तोंडाशी बसतं. ज्यांना मुरूम होतात त्यांनी तेल लावायचंच असेल तर तासाभरात धुवावं. न्हाताना आधी केस, मग ते वर बांधून शेवटी पाठ असा क्रम ठेवला, तर कंडिशनरही पाठीवर राहत नाही.

मुरूमच असल्याचं नक्की झालं की पाठीसाठी सर्वांत सोयीचं औषध म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश. ते प्राणवायू सोडून जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, जी अँटिबायोटिकची होते. अंघोळीच्या वेळी लावून दोन ते पाच मिनिटं थांबायचं, मग धुवायचं. ते कापडाचा रंग उडवतं. नवी कोरी निळी चादर आठवड्यात ठिपकेदार करायची नसेल तर टॉवेल आणि बनियन पांढरे वापरा. रात्री ॲडापलीनसारखं रेटिनॉइड जेल, ज्याने पेशी चिकटणं कमी होऊन बूच बसत नाही. त्याच घराण्यातलं ट्रायफॅरोटीन २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या चाचण्यांत चेहऱ्याबरोबर छाती-पाठीवरचे मुरूमही मोजले होते. तोवर पाठीसाठी औषधं बहुतेक चेहऱ्यावरच्या अनुभवावर दिली जात. रेटिनॉइडने सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, चुरचुरते. गर्भारपणात रेटिनॉइडं वापरत नाहीत.

यातलं काहीही आठ ते बारा आठवडे नेमाने लावल्याशिवाय त्याचा निकाल लावू नका. बुचाचं वय आठवत असेल तर कारण ध्यानात येईल. पंधरा दिवसांनी ट्यूब फेकणारे लोक चांगली औषधं वाया घालवतात.

पुळ्या दाट आणि पुवाच्या असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड, आणि शक्यतो तीनेक महिन्यांपुरत्याच. खोल गाठी, वाढते व्रण असतील तर आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत ते १९८२ मध्ये आलं. तैलग्रंथीच आकसवणारं इतकं प्रभावी औषध दुसरं नाही, पण गर्भात त्याने गंभीर व्यंगं होतात. म्हणून घेण्याआधी एक महिना, घेत असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते, आणि घेत असताना व थांबवल्यावर महिनाभर कुणीच रक्तदान करायचं नसतं. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घ्यायचं हे औषध नव्हे. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर मुलींनी पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या एका बिघाडाची, तपासणी करून घ्यावी. आणि किशोरवयीन मुलाच्या पाठीवरच्या मुरमांच्या अचानक जखमा होऊन ताप, सांधेदुखी सुरू झाली, तर तो क्वचित होणारा ॲक्ने फुल्मिनान्स असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मुरूम बसल्यावर आपल्या सावळ्या त्वचेवर काळपट डाग राहतात. ते पुसट व्हायला महिने जातात, पण होतात. केलॉइड वेगळा. छाती, खांदे आणि पाठीच्या वरच्या भागावर जखम भरताना कोलाजेन हे त्वचेतलं प्रथिन प्रमाणाबाहेर वाढतं आणि मूळ पुळीच्या कडा ओलांडून चकचकीत, खाजरी गाठ पसरते. ती नुसती कापून काढली तर बहुधा पहिल्याहून मोठी उगवते. तिच्यात दर काही आठवड्यांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते ती लहान व नवी असतानाच सुरू केलं तर जास्त लागू पडतं.