केचुआ आणि आर्मेनियन : तुलनेमागची पार्श्वभूमी

दक्षिण अमेरिकेतली केचुआ आणि कॉकेशसमधली आर्मेनियन या दोन भाषांची तुलना बहुधा व्यंजनांच्या तक्त्यापासून सुरू होते. पेरूतल्या कुस्को शहराच्या केचुआत साधा प, महाप्राण फ आणि तिसरा, गळा क्षणभर मिटून फटकन सोडलेला प. आर्मेनियनमध्ये ब, प, फ. दोन्हीकडे तीन-तीनच्या रांगा. त्यातच आर्मेनियनच्या काही बोलींमध्ये मधला प कुस्कोसारखाच फटकन सुटतो, आणि तक्ता मांडणाऱ्याला नातं सापडल्यासारखं वाटतं. नातं आहे, पण शेजाऱ्यांशी. आर्मेनियनला कॉकेशसमध्ये जॉर्जियनचा शेजार मिळाला, केचुआला अँडीजमध्ये आयमारा भाषेचा. पेरूतल्याच आयाकुचोच्या केचुआत हे फटकन सुटणारे उच्चार नाहीत, म्हणून ते आयमाराच्या सहवासातून आले असावेत असं अनेक अभ्यासक मानतात.

एकोणिसाव्या शतकात नात्यांचा गोंधळ दोन्हीकडे होता. १८७१ साली एका आर्जेंटिनी इतिहासकाराने केचुआला थेट आर्य कुळात बसवलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, इराणी गटात मोजली जाणारी आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा असल्याचं एका जर्मन पंडिताने दाखवून दिलं. हे दुसरं टिकलं. पहिल्याचं आता कुणी नावही काढत नाही.

रचनेत मात्र दोघी जवळ येतात. ‘घरांमध्ये’ म्हणायला केचुआ ‘वासि’ (घर) या शब्दापुढे आधी अनेकवचन, मग ‘मध्ये’ जोडते : वासि-कुना-पि. पूर्व आर्मेनियनचं, म्हणजे आजच्या आर्मेनियातल्या रूपाचं, त्न-एर-उम याच क्रमाने बनतं. व्याकरणातलं लिंग दोघींनाही नाही. पण ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद केचुआत आहे, मराठीत आहे, आर्मेनियनमध्ये नाही. ऐकीव गोष्टीला केचुआ ‘-सि’ प्रत्यय लावते. तिथे आपण ‘म्हणे’ लावून मोकळे होतो.

आर्मेनियन लिपी ४०५ च्या सुमारास एका भिक्षूने घडवली. केचुआचं पहिलं छापील व्याकरण १५६० चं, तेही स्पेनमध्ये छापलेलं. मधल्या शतकांतल्या धर्मप्रसार, बंडं आणि बंदीच्या कथा इथे बाजूला ठेवू. शुद्धलेखनाच्या आजच्या भांडणांचं मूळ विसाव्या शतकात आहे.

पेरूच्या लष्करी सरकारने १९७५ मध्ये केचुआला राजभाषेचा दर्जा दिला, तेव्हाच्या अधिकृत वर्णमालेत पाच स्वर होते : अ, ए, इ, ओ, उ. १९८५ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ते तीनवर आणले : अ, इ, उ. ए आणि ओ कानाला ऐकू येतात, पण पडजिभेजवळून काढलेल्या ‘क’च्या सान्निध्यातच. तो क आला की इ आपसूक ए-कडे झुकतो आणि उ ओ-कडे. आपल्या अनुस्वारासारखंच हे. ‘पंखा’ आणि ‘पंत’ यांतली अनुनासिकं वेगळी, टिंब एकच. पुढचं अक्षर पाहून जीभ आपली जागा घेते.

तर्क इतका स्वच्छ असूनही कुस्कोतल्या केचुआ भाषेच्या अकादमीने तो कधीच मानला नाही. गंमत अशी की ‘लेखन’ हा शब्दच वादात सापडला : किल्का लिहायचं की केल्का? शहराचं नावही सुटलं नाही. नव्या नियमाने कुस्कु व्हायला हवं. नगरपालिकेने १९९० मध्ये कोस्को हे रूप स्वीकारलं. पाच स्वरवाल्यांचं म्हणणं, आम्ही बोलतो तसं लिहू द्या, राजधानीतल्या भाषातज्ज्ञांनी आम्हाला शिकवू नये. या म्हणण्यातला राग खरा आहे. मात्र ए-ओ वेगळे ऐकणारा कान बहुतेकदा स्पॅनिशवर पोसलेला असतो. फक्त केचुआ बोलत वाढलेला माणूस स्पॅनिश बोलताना इ-ए, उ-ओ यांची गल्लत करतो, आणि त्यावरून त्याला ‘मोतोसो’ म्हणून हिणवलं जातं. ज्या गल्लतीची टिंगल होते, तीच तीन स्वरांचा पुरावा आहे. पाच स्वरांच्या कैवाऱ्यांकडून याचं धड उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

आर्मेनियनमध्ये हेच १९२२ साली झालं, हुकूमही वरूनच आला. सोव्हिएत आर्मेनियाने उच्चारानुसारी शुद्धलेखन लादलं आणि दोन स्वराक्षरं वर्णमालेतून काढली. १९४० मध्ये ती परत घेतली, बाकीचं बरंचसं तसंच राहिलं. परदेशांत विखुरलेल्या आर्मेनियनांनी हा बदल धुडकावला. इराणमधले आर्मेनियन तर बोलतात पूर्वेची बोली आणि लिहितात जुन्या वळणाने. पश्चिमेची बोली बोलणाऱ्यांत उच्चारच उलटले आहेत : आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, जो ग्रिगोर, तो बैरूतमध्ये क्रिकोर, अक्षरं मात्र तीच. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक १७९४ साली आपल्याकडे, मद्रासला निघालं. अर्थातच जुन्या शुद्धलेखनात.

१९९१ च्या स्वातंत्र्यानंतर जुन्याकडे परतायच्या मागण्या झाल्या, पण आर्मेनियाच्या शाळांत सुधारित लेखनच राहिलं. २०११ नंतर सीरियातल्या युद्धातून येरेवानला आलेल्या अनेक कुटुंबांच्या घरातलं शुद्धलेखन एक आणि रस्त्यावरच्या पाट्यांचं दुसरं.